निळा कोच आणि मी

मित्रांनो, मी पॅरिसमधली एक जुनी खुर्ची आहे. आज जुन्या सामानाच्या दुकानात कोपऱ्यात पडले आहे. मखमल विरली आहे, एक पाय डुगडुगतो. पण एके काळी राजकन्या एग्लाँतीन माझ्याशिवाय कुठे बसत नसे.

अक्रोडाच्या लाकडातून मला घडवणाऱ्या सुताराने माझे हात जरा रुंद ठेवले होते. तेच तिला आवडले. दर बुधवारी तिच्या दिवाणखान्यात कवी, चित्रकार, सेनापती जमत. ती शेकोटीजवळ माझ्यावर बसून भल्याभल्यांना बोलते करी. लोक म्हणत, "या खुर्चीसमोर उभं राहायचं म्हणजे परीक्षाच!" मी फुशारून जाई.

मग आला निळा कोच. रेशमी, नवाकोरा, दोघांना पुरेल असा. तो मला डोळ्यांसमोर नकोसा होई.

चित्रकार फुलबेर हा राजकन्येचा जिवलग. तो नेहमी माझ्या हाताला टेकून उभा राही. पण ओदील नावाची तरुण विधवा येऊ लागली, तसा तो तिच्याशेजारी कोचावर बसू लागला. ती दोघे हसली की राजकन्येची नखे माझ्या मखमलीत रुतत.

एकदा ती सर्वांदेखत म्हणाली, "फुलबेर, कोच फारच मऊ दिसतोय. तुमचा कणाच विरघळला की!"

हशा पिकला. फुलबेर उठला, ओदीलला हात दिला आणि चालता झाला. पुढे त्यांनी लग्न केले. त्याने काढलेले आपले चित्र राजकन्येने भिंतीकडे तोंड करून ठेवले. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता ती माझी एकटीची!

वर्षे सरली. ओदील वारली. एका बुधवारी काठी टेकत फुलबेर दारात उभा राहिला.

"आलात? रस्ता विसरला नाहीत म्हणायचं!" राजकन्या म्हणाली.

"डोळे गेले, मादाम. पायांनीच आणलं."

तो चाचपडत कोचाकडे वळला.

"तिकडे नको! तिथे बसलात की तुम्ही माझ्याशी बोलत नाही."

तिने त्याला हाताला धरून माझ्यावर बसवले. आणि स्वतः? स्वतः त्या निळ्या कोचावर जाऊन बसली! खूप वर्षांनी ती मोकळेपणाने हसली, आणि तेही त्या कोचावर बसून. मरेपर्यंत तिची जागा तीच राहिली. मी म्हाताऱ्याचा भार आणि तंबाखूचा वास सोसत राहिले.

पुढे घर मोडले. लिलावात कोच लगेच गेला, मी उरले.

मित्रांनो, जुन्या खुर्च्या अडगळीत टाकू नका. मखमल झाडत जा, पाय हलला तर वेळीच खिळा मारा. आणि कुणावर जीव जडलाच, तर मूठ जरा सैल ठेवा. राजकन्येला उशिरा का होईना, ते साधले. मला कळले, पण अजून वळत नाही. मी पडले लाकडाची. तुम्हाला जमेल.