बारा व्होल्ट अडवणारी हिंगाची डबी

मी डीसी ब्लॉक बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी अंगाने मी हिंगाची पत्र्याची डबी. खंडेराव मार्केटातून चारुलताबाईंच्या स्वयंपाकघरात आलो आणि हिंग संपल्यावर फळीवर रिकामा पडून होतो. आता गोत्री भागातल्या त्यांच्याच फ्लॅटमध्ये, रेडिओच्या पाठीमागे अँटेनाच्या तारेत बसलोय. गच्चीवरून येणारे आवाज आत सोडायचे आणि तारेतली वीज बाहेरच अडवायची, एवढंच माझं काम. पण ते मला ज्यांच्यामुळे मिळालं, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

चारुलताबाईंचे यजमान गोविंदराव रिफायनरीतून निवृत्त झालेले. हा रेडिओ त्यांनी तरुणपणी स्वतः बांधला. त्याच्या पोटात केसाइतक्या बारीक तारेची कॉइल आहे. चार रविवार खपून त्यांनी ती गुंडाळली होती. मग उतारवयात हातांना कंप सुटला, कप बशीत वाजायला लागला. त्यांनी सेटवर टॉवेल टाकला तो टाकलाच. वर्षभर घरात कोणी रेडिओचं नाव काढलं नाही.

लेक यशश्री गोरव्याच्या कारखान्यात इंजिनिअर. तिला हे बघवेना. तिने गच्चीवर नवी अँटेना बसवली. आवाज मोठा करणारं छोटं यंत्र त्या अँटेनातच होतं आणि त्याला लागणारे बारा व्होल्ट त्याच तारेतून वर जायचे. ते ऐकून गोविंदराव हबकले.

"यशू, ते बारा व्होल्ट सेटमध्ये शिरले तर कॉइल जळेल. आणि आता ती मला पुन्हा गुंडाळता यायची नाही."

"मध्ये डीसी ब्लॉक टाकू ने, बाबा. विकत आणते."

"विकत कशाला? घरी करतो," ते सवयीने म्हणाले, आणि मग त्यांची नजर स्वतःच्या हातांकडे गेली.

"करायचं काय ते सांगा. मी करते," चारुलताबाई म्हणाल्या. अख्ख्या सोसायटीच्या साड्यांना फॉल लावणाऱ्या बाई त्या, पण सोल्डरिंग आयर्न आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होत्या. मला दोन्ही अंगांनी भोकं पडली, त्यात तार जोडायची दोन तोंडं बसली. मधोमध, आवाज सोडून वीज अडवणारा, मसुरीच्या डाळीएवढा कपॅसिटर आला. मला चटका बसला आणि घरभर हिंगाचा वास सुटला.

"अगं, त्याचे पाय आखूड काप. लांब पाय नकोत."

"एवढेसे? मग तो टिकणार कशावर?"

"टिकतो. त्याला काय कपडे धुवायचेत?"

वर्षभरात दोघं पहिल्यांदाच असं भांडत होती. मला फार बरं वाटलं.

पण बाईंना त्या इवल्याशा कपॅसिटरचा भरवसा वाटेना. टाका एकेरी सोडायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. गोविंदराव औषध घ्यायला उठले, तेवढ्यात त्यांनी मजबुतीसाठी एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत एक तार डकवली आणि झाकण लावून टाकलं. मी हादरलो. त्या तारेवरून बारा व्होल्ट आता सरळ चालत जाणार होते!

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि खंडेनवमीही. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मीटर, सगळी हत्यारं पाटावर हळदकुंकू लावून मांडलेली. दसरा उजाडेपर्यंत ती हलवायची नाहीत, हा घरातला दंडक, आणि तो कडक पाळणाऱ्या चारुलताबाईच. इकडे नऊला गोविंदरावांचे जुने दोस्त विक्रमसिंह भुजहून आपल्या घरच्या हौशी रेडिओ-सेटवरून बोलायला येणार होते.

"बाबा, आज न मोजताच लावू या. आईने मन लावून केलंय," यशश्री म्हणाली.

गोविंदरावांनी मला उचललं. बायकोच्या कामावर संशय कसा घ्यायचा, आणि मोजल्याशिवाय लावायचं तरी कसं? बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, पाटापुढे हात जोडले आणि कुंकवासकट मीटर उचलला.

"मोजा. देवाचं मी बघून घेईन."

मीटर टूंऽऽ करून वाजला. म्हणजे वीज आरपार. बाईंचा चेहरा पडला. "मीच आत एक तार जास्त टाकली. मजबुतीला."

मला वाटलं, आता हे रागावणार. गोविंदराव हसले. "पहिल्याच दिवशी मी रिफायनरीत असाच काय घोळ घातला होता ते तुला कधी सांगितलंच नाही. आण ती पक्कड."

पाटावरून पक्कडही उठली. बाईंनी तार कापली. मीटर आता गप्प राहिला आणि मी पहिल्यांदा खरा डीसी ब्लॉक झालो. मला सेटला जोडलं. खरखर झाली आणि त्यातून विक्रमसिंहांचा आवाज आला, "गोविंदभाई, सांभळता हो तो जय श्रीकृष्ण!" ऐकत असाल तर, असं ते वर्षभर दर रविवारी म्हणत होते, हे मागाहून कळलं. गोविंदरावांनी डोळे पुसले, चारुलताबाईंनीही.

आता मी इथे सुखात आहे. माझ्यावर धूळ बसते, कोणी बघत नाही, त्याची तक्रार नाही. मात्र त्या दिवसानंतर घरात जादा कॉइल गुंडाळायचं एक नवं काम सुरू झालं. गोविंदराव शेजारी बसून वेढे मोजायचे आणि चारुलताबाई तार गुंडाळायच्या. तीनदा तुटली, चौथ्यांदा जमली. ती दुसरी कॉइल मऊ फडक्यात बांधून कपाटात ठेवली आहे. उद्या मी दगा दिला तरी हा रेडिओ मुका होणार नाही, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मला भीती वाटत नाही.