कोरडे वासे

पेणच्या जुन्या धर्मशाळेचं छप्पर पावसाळ्यात गळत नसे, गळे ते थंडीत. पत्र्यांना दोनदा डांबर फासून झालं, तरी वासे कुजतच चालले. शेवटी विश्वस्तांनी रोह्याहून दिनानाथ मिस्त्रीला बोलावलं. बायको गेल्यापासून दिनानाथ घरी एकटाच. मुक्कामाचं काम असलं की तो लगेच निघे.

धर्मशाळेत गणपतीच्या कारखान्यांतले मजूर राहत, विमलबाई त्यांचं रांधत. पहाटे दिनानाथ शिडीवरून माळ्यावर चढला. बाहेर आभाळ निरभ्र, आणि आत पत्र्याच्या पोटाला घामासारखे थेंब लोंबत होते. खाली विमलबाईंनी भाताच्या टोपावरचं झाकण काढलं, तशी वाफ थेट वर आली.

"बाई, हे झरोके कुणी बुजवले?"

"कौलं काढून पत्रे घातले तवाच. कबुतरं शिरायची."

"मग पाणी वरचं नाय, तुमच्या चुलीवरचं हाय. वाफेला भायेर जायला वाट नाय. गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतंय."

"म्हंजे छप्पर मीच कुजवलं म्हणा!"

"तुमी नाय हो. तुमी तर जेवू घालताय."

त्यानं कुजके वासे बदलले, झरोके फोडून जाळ्या बसवल्या, चुलीवर धुराडं काढलं. दुपारी विमलबाई ताट वाढून समोर बसत. "आमटीला मीठ बरोबर हाय ना?" एवढं साधं त्याला घरी विचारणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या जाळीला त्यानं उगाचच वेळ लावला.

"पुढल्या थंडीत बघून जाईन," निघताना तो म्हणाला.

"या की. जेवायलाच या."

पुढल्या थंडीत तो गेला, तर दाराला कुलूप. समोरच्या दुकानातल्या पोपटकडे किल्ली होती. मजूर आता हमरापूरला कारखान्यातच राहत, म्हणाला. विमलबाई खांब गावाला बहिणीकडे गेल्या.

"खांबला कुठं?"

"ते काय म्हाईत नाय बुवा."

दिनानाथ माळ्यावर चढला. वासे कोरडे ठणठणीत होते. पण खाली चूलच पेटली नव्हती. काम साधलं की नाही, कसं कळावं?

"गळतंय का?" पोपटनं खालून विचारलं.

"नाय."

परतीला त्यानं कोलाडवरून रोह्याला जाणारी एसटी धरली. खांबला गाडी थांबली. दिनानाथ पिशवी घेऊन अर्धवट उठला, दारापर्यंत गेला. खाली उतरून कुणाला काय विचारायचं, कोण म्हणून विचारायचं, ते सुचेना. कंडक्टरनं घंटी मारली. तो जागेवर येऊन बसला.