लाल दोऱ्यापुढची पानं

तीन पायांची, वयाने बरीच झालेली आणि अलीकडे जराशी डावीकडे कललेली अशी मी एक तिवई आहे. मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हिच्यापाशी सांगण्यासारखं काय असणार? आमच्यावर लोक वस्तू ठेवतात आणि त्या वस्तूंकडे बघतात. आमच्याकडे कुणी बघत नाही. पण ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्याला पुष्कळ दिसतं. मी जे पाहिलं ते मनात ठेवून ठेवून आता जड झालंय.

माझा जन्म एका सुताराच्या खोलीत झाला. दाराची चौकट करून उरलेल्या लाकडातून त्याने मला घडवलं. चौथ्या पायापुरतं लाकूड उरलं नव्हतं. मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं की काय, कोण जाणे, पण रंधा मारता मारता तो म्हणाला, "चार पायांचं कधी ना कधी डुगडुगतं. तीन पायांचं नाही." ते मी मनाशी धरून ठेवलं.

मला विकत घेतलं कपडे शिवणाऱ्या एका बाईने. घरातल्याच खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन होतं, बाजूला वेताची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी मी. कात्री, खडू, दोऱ्यांची रिळं, सगळा संसार माझ्यावर. माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं म्हणायची, "तिवई छान आहे हो तुमची." मग ती टाके घालता घालता मान वर न करता सांगायची, "धाकटी लेक आहे ती माझी. थोरलीपेक्षा कमी बोलते."

थोरली म्हणजे तिची खरीखुरी मुलगी. हे वाक्य ऐकून थोरली फुरंगटून बसायची आणि मी मात्र लाकडाची असूनही मोहरायची. तेव्हापासून मीही तिला मनातल्या मनात आईच म्हणत आले.

थोरली मोठी झाली आणि चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. तिचं लग्न झालं. जावई पावाच्या भट्टीवर काम करायचा, पहाटे जायचा आणि दुपारी केसांत पीठ घेऊन परतायचा. सगळे एकाच घरात राहत. आईचे डोळे थकले, शिवण बंद झालं आणि ती खिडकीत नुसती बसून राहू लागली, तेव्हा एके दिवशी थोरलीने तिला नवा चष्मा करून आणला. सोबत एक पुस्तकही आणलं.

"घे. आता सबब नाही," थोरली म्हणाली.

"आणि तू?"

"मीपण वाचते की. एकच पुस्तक दोघींनी वाचायचं."

झालं, मायलेकींनी ठरवलं: महिन्याला चार पुस्तकं. दोन आईच्या पसंतीची, दोन थोरलीच्या. महिन्याच्या सुरुवातीला चारही माझ्यावर येऊन बसायची आणि एकेक वाचून झालं की फळीवर जायचं. आई सकाळी वाचायची, थोरली संध्याकाळी. खुणेसाठी आईने रिळांतले दोन दोरे तोडून घेतले होते, स्वतःसाठी लाल आणि लेकीसाठी निळा.

आईचा नियम एकच होता, पण कडक. थांबायचं ते अध्याय संपल्यावरच. जी पुढे असेल तिने तिथे थांबून दुसरीची वाट बघायची. ती आल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. मधेच पुस्तक मिटलेलं आईला मुळीच खपत नसे. "आपण मधेच उठलो की गोष्टीतली माणसं उभीच राहतात. त्यांना बसा म्हणायला कुणी नसतं," असं ती म्हणायची. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी ती अध्याय संपवूनच उठायची. भात किती वेळा लागला ते विचारू नका.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. खुर्ची कुरकुरायची, पान उलटायचं, आणि आई तंद्रीत माझ्या कडेवर दोन बोटांनी ताल धरायची.

मग ठकू जन्मली. लहान मूल घरात आलं की वेळ कुठे जातो ते ज्या घरात मूल आहे त्यांनाच ठाऊक. थोरली मागे पडू लागली. त्या महिन्यात एका नावाड्याची जाडजूड कादंबरी चालली होती. आईचा लाल दोरा पुढे जाऊन एका अध्यायाच्या शेवटी थांबला होता, आणि निळा मागे रेंगाळत होता.

"बयो, नावाडी घाटावर ताटकळलाय. येतेस ना?"

"आई, ठकूने अंगावर दूध काढलंय. नावाड्याला म्हणावं, टॉवेल असेल तर घेऊन ये."

अशी थट्टा चालायची. आणि एका सकाळी आईच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात निघताना तिने पुस्तक माझ्यावर ठेवलं आणि थोरलीला म्हणाली, "दोन दिवसांत येते. तोवर मला गाठ."

ती आली नाही.

पुढचे कित्येक दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. धूळ साचली. मग एका संध्याकाळी थोरली खाली जमिनीवर बसली, ठकूला मांडीवर घेतलं आणि वाचू लागली. रोज थोडं थोडं वाचत ती लाल दोऱ्यापाशी पोचली. निळा दोरा तिने लाल दोऱ्याला चिकटून ठेवला आणि पुस्तक मिटलं. पुढचं पान तिने उलटलं नाही. आईला गाठून झालं होतं. आता रोजच्याप्रमाणे सकाळी आधी आईने पुढे जायचं होतं.

दिनदर्शिकेवर महिने उलटत होते, पण आमच्या खोलीतला तो महिना काही संपला नाही. थोरली दर महिन्याला चार पुस्तकं आणत राहिली, दोन स्वतःच्या पसंतीची आणि दोन आईच्या. वाचत मात्र एकही नव्हती. नवी पुस्तकं ती खालून सरकवायची आणि नावाडी कायम वर ठेवायची. पाणी चढावं तशी चळत चढत गेली आणि नावाडी तिच्या माथ्यावर तरंगत राहिला. माझ्या डाव्या पायाचा सांधा सैल झाला. जावई म्हणाला, "अगं, थोडी फळीवर ठेव. मोडेल ती." थोरली म्हणाली, "न वाचता फळीवर कशी ठेवू?" आणि विषय संपला.

वेताच्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. तरी सकाळी, सगळे बाहेर गेल्यावर, ती कुरकुरायची. ऊन लागून वेत ताणला जात असेल, असं मी स्वतःला समजावायची. पण एकदा रांगत आलेली ठकू खुर्चीसमोर बसली, वर बघून खुदकन हसली आणि आपली बाहुली तिने खुर्चीकडे पुढे केली. कुणी घेतली नाही. ठकूने बराच वेळ हात तसाच धरला होता. दारातून थोरली हे पाहत होती. तिने बाहुली उचलून हळूच खुर्चीत ठेवली.

आणि एके संध्याकाळी तिने पुस्तक उघडलं, तर लाल दोरा एक अध्याय पुढे गेला होता.

तिने खुर्चीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि तो अध्याय वाचून काढला. वाचताना तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि तरीही किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

मित्रांनो, मला ठाऊक होतं दोरा कुणी हलवला ते. ठकूला पाळणाघरातून आणून निजवल्यावर जावई दुपारी त्या खोलीत आला होता. तो वाचणाऱ्यातला नव्हता. पण महिन्याचं ठरलेलं वाचन आणि ते दोन दोरे यांच्यात बायको अडकून पडलीय, एवढं त्याला कळत होतं. त्याने हात दोनदा धुतले, लुंगीला पुसले, पुढचा अध्याय कुठे संपतो ते शोधलं आणि दोरा तिथे नेऊन ठेवला. बस, एवढंच. तिला वाट मोकळी व्हावी म्हणून.

दोन दिवसांनी त्याने पुन्हा दोरा पुढे नेला. तिसऱ्यांदा मात्र तो पानं चाळता चाळता थबकला, खाली बसला आणि ओळींखाली बोट धरून वाचू लागला. नावाड्याने त्याला पकडलं होतं. आता तो रोज दुपारी एक अध्याय वाचायचा. संध्याकाळी थोरली त्याच्या मागोमाग वाचायची, आणि आपण आईच्या मागोमाग वाचतोय असं समजायची.

सगळं बरं चाललंय असं मला वाटत होतं. पण थोरलीने दुकानातून परतल्यावर पाण्याचा पेला खुर्चीपाशी ठेवायला सुरुवात केली. मग आईचा चष्मा घडी उघडून पुस्तकावर ठेवला. मग सकाळी निघताना दाराशी थांबून रिकाम्या खोलीला सांगू लागली, "उजेड पुरतोय ना? खिडकी उघडी ठेवलीय." बाहेर कुठे जाणं तिने बंद केलं. माणसांशी बोलताना तिचं लक्ष खोलीकडे असे. ठकू पदर ओढून ओढून थकायची आणि जमिनीवरच झोपून जायची.

जावयाचं धाबं दणाणलं. सांगावं तर आई तिच्यापासून दुसऱ्यांदा हिरावली जाणार, थांबावं तर आई वाचायची थांबली म्हणून ती खचणार. तो पुस्तक हातात घेऊन नुसता बसे. एकदा मला म्हणाला, "काय करून बसलो गं मी?" मला तोंड असतं तर काय सांगितलं असतं, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि मग ती दुपार आली. नावाडी एका म्हाताऱ्या बाईला पैलतीरी नेत होता. नदीला ओढ होती. नाव मधोमध आली असतानाच ठकू झोपेतून किंचाळत उठली. जावई धडपडत उठला, दोरा होता त्याच पानात टाकला आणि धावला. ठकूला ताप भरला होता. दुपारभर तो तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसला आणि पुस्तक विसरूनच गेला.

संध्याकाळी तापलेली ठकू बापाच्या खांद्यावर निजली होती. थोरलीने पुस्तक उघडलं आणि ती पांढरीफटक पडली.

"मधे थांबली," ती म्हणाली. "अरे, आई मधेच थांबलीय."

जावई दारात उभा होता.

"ती कधी मधे थांबत नाही. भात जळाला तरी थांबत नाही." ती खुर्चीकडे वळली. आवाज खाली आला. "आई, कोण आलं होतं? कुणी बोलावलं तुला?"

मित्रांनो, त्या क्षणी खोलीत इतकी शांतता होती की मलाही वाटलं, आता उत्तर येणार. थोरली उत्तरासाठी पुढे झुकली. तिने खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवला, कुणाच्या तरी हातावर ठेवावा तसा.

"ठकूने बोलावलं," जावई म्हणाला.

ती वळली.

"ठकू रडली म्हणून मी उठलो. मी वाचत होतो."

"थट्टा नको करूस. तू कधी पुस्तक हातात धरतोस?"

"म्हातारी नावेत बसलीय. तिच्याजवळ सामान काही नाही. नावाड्याने विचारलं, परत कधी यायचंय, तर ती नुसती हसली. तिथे उठलो."

थोरलीने उघड्या पानाकडे पाहिलं.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे ती एकदाही..."

"नाही गं."

तेव्हा ती रडली. दवाखान्यातून परतली तेव्हा रडली नव्हती, तशी आत्ता रडली. माझ्या कडेवर डोकं टेकून. माझा सैल सांधा करकरला, पण मी सावरून धरलं. आई गेली हे मला तरी त्याच घडीला नीट कळलं. तोवर मीसुद्धा खुर्चीकडे कान लावून होते.

"रागावलीस?" जावयाने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "अध्यायाच्या मधे सोडतात का कधी? ती म्हातारी उभी आहे ना तिथे नदीत." तिने नाक पुसलं आणि हात पुढे केले. "ठकूला दे माझ्याकडे. वाच तू. मोठ्याने."

तो जमिनीवर बसला आणि बोट धरून, अडखळत, जोडाक्षरांशी झटापट करत वाचू लागला. थोरली मांडीवरच्या तापलेल्या लेकीच्या केसांतून हात फिरवत ऐकत होती. नाव पैलतीराला लागली. म्हातारी उतरली आणि मागे न बघता चालत गेली. अध्याय संपला. थोरलीने पानं मागे उलटून लाल दोरा आई थांबली होती तिथे परत ठेवला, सरळ करून, आणि मग पुढचं पान काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

आता महिन्याला चार पुस्तकं होत नाहीत. एखाद्या महिन्यात एक होतं, एखाद्यात तेही नाही. चळत अजून आहे, थोडी फळीवर गेलीय. जावयाने माझा पाय सरस लावून घट्ट केला, पण मी कललेली ती कललेलीच. सकाळी घरात कुणी नसतं तेव्हा खोली आता अगदी गप्प असते, आणि खरं सांगू, तो गप्पपणा मला जड जातो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी न वाचलेल्या पुस्तकांची अशी चळत असेल. तिची धूळ पुसा. महिना संपला म्हणून पुस्तक कुणावर रुसत नाही. कुणाची खूण आत राहिली असेल तर ती हलवू नका, पण तिच्यापुढे वाचायला भिऊही नका. आणि ज्या माणसासोबत वाचायचं ठरवलं असेल, ते माणूस घरात आहे तोवरच त्याच्याशेजारी जाऊन बसा, दोन पानं का होईना, वाचा. नंतर त्याला गाठायला कितीही वेगाने वाचलंत, तरी ते कुठल्याच पानावर भेटत नाही.