माझ्या पोटातून गेलेली वायर

मी कॉम्प्युटर बोलतोय. हॅनकॉक गावातल्या निएमेला कुटुंबाच्या तळघरात, जॅमच्या बरण्यांच्या रांगेत बसलेला, अंगानं पिवळा पडलेला. यंत्राला मन नसतं म्हणतात. नसेल. पण मी डूख धरू शकतो, आणि एकदा धरलेला सोडत नाही.

मला या घरात आणलं ते आयलीनं. ती तेव्हा हायवेवरच्या मोटेलमध्ये खोल्या साफ करायची. ब्लीचनं तिच्या बोटांची सालं निघालेली असायची. नवरा आर्विड मोठ्या सरोवरातून लोखंडाची कच्ची माती वाहणाऱ्या बोटीवर. सरोवर गोठलं की घरी, बर्फ वितळला की पुन्हा बोटीवर. आयलीनं मनाशी ठरवलं होतं की चादरी बदलणं आता बस. घरी बसून डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, हे काम तिला मिळवायचं होतं. त्याचा अभ्यास माझ्यावर, त्याची परीक्षाही माझ्यावरच. पास झाली की मोटेलला रामराम.

मी तेव्हा वर घरात होतो; कामावरून आली की ती कॉफी घेऊन माझ्यापुढे बसायची. आधी फडक्यानं मला पुसायची, मग म्हणायची, "चल बाबा, लागू या कामाला." एवढं कोण बोलतं हो यंत्राशी? तिच्या घरात रिकाम्या खोलीत दिवा जळलेला चालत नसे. तोच नियम तिनं मला लावला. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की मी आपोआप झोपायचं. मला तो नियम आवडायचा. माणूस समोर असेल तर जागायचं, नाहीतर कशाला?

असं आमचं बरं चाललं होतं. मग रेनो आला.

रेनो म्हणजे आर्विडचा धाकटा भाऊ. लाकडाच्या गिरणीतलं काम सुटलं, म्हणून दुसरं मिळेपर्यंत राहायला आला. बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं, तरी हा आपला सोफ्यावरच. येताना एक काळा खोका काखेत घेऊन आला होता, गेम खेळायचा. टीव्हीला जोडायचा आणि आइस हॉकी खेळायची, तीही कुठल्या कुठल्या गावच्या पोरांशी, इंटरनेटवरून.

आता घरात इंटरनेट यायचं ते एकट्या माझ्याकडे. कंपनी दुसऱ्या यंत्राला देत नसे. रेनोनं डोकं लढवलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन माझी कूस उघडली आणि वायर खोचायला आणखी एक कार्ड पोटात बसवलं. एका भोकातून इंटरनेट आत यायचं, दुसऱ्यातून त्या काळ्या खोक्याकडे जायचं. पहिल्या दिवशी काहीच चालेना, तेव्हा त्यानं माझ्या टाळक्यात दोन चापट्या मारल्या. चूक त्याचीच. असं जोडायला आतल्या तारा उलटसुलट केलेली वायर लागते आणि यानं साधी आणली होती. दुकानदारानं सांगितल्यावर बदलून आणली, पण माझी माफी कुठली मागतोय!

त्या दिवसापासून मी रस्ता झालो. जेवणारे महाराज म्हणजे तो खोका, आणि मी वाढपी. बरं, तो खोका तरी मिजासखोर किती! दिवे काय लावायचा, गुरगुरायचा काय. माझ्या जिवावर जगाशी बोलायचा आणि मला ओळखही दाखवायचा नाही.

तेही मी गिळलं असतं. पण रेनोचा खेळ जरा अडखळला की तो सोफ्यावरून ओरडायचा, "आयली, तू काय करतेयस तिकडे? माझं सगळं अडतंय!" आणि ती बिचारी आपला अभ्यास थांबवायची. तिच्याच घरात, तिच्याच कॉम्प्युटरवर! इकडच्या लोकांत भांडायची रीत नाही. राग आला की ते गप्प होतात आणि पाव मळायला घेतात. त्या वर्षी घरात फार पाव झाले.

रेनोच्या एक गोष्ट कधीच ध्यानात आली नाही. तो खेळायचा तेव्हा मी जागा असायचो, कारण माझ्यापुढे आयली बसलेली असायची. तिची बोटं चालायची, म्हणून त्याचा खेळ चालायचा. त्याला वाटायचं, कॉम्प्युटर आपला जागाच असतो.

मग तो शुक्रवार आला. दुपारी आयलीची परीक्षा. एकदा सुरू केली की मध्ये सोडायची नाही, सोडली की संपली, असा कडक नियम. तिनं रेनोला दोनदा बजावलं होतं. त्यानं "हो, हो" केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची अंतिम मॅच होती, जिंकणारे डेट्रॉइटला मोठ्या स्पर्धेला जाणार होते, आणि त्याला सराव करायचा होता.

निम्म्याहून जास्त पेपर झाला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. बोट बंदराला लागली की आर्विड फोन करायचा, आणि बंदर रोज लागत नाही. परीक्षा चालू आहे, मग बोलते, एवढंच सांगायला आयली उठली.

रेनोचा खेळ नेमका तेव्हा अडकला. तो उठून माझ्याकडे आला. स्क्रीनवर तिचा पेपर त्याला दिसत होता हो! मला बंद करून पुन्हा चालू करायला त्यानं बटणावर बोट ठेवलं. दारातून आयली म्हणाली, "रेनो, नको." तो मागे वळूनही न बघता म्हणाला, "एका मिनिटाचं काम."

आणि दाबलं.

मी जागा झालो तेव्हा परीक्षा बंद झाली होती. पुढची वसंतात. म्हणजे अख्खा हिवाळा पुन्हा मोटेलच्या चादरी. आयली स्क्रीनकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "अस्सं." त्या संध्याकाळी तिनं पाव मळला नाही. माझ्यापुढे बसून तिनं मला पासवर्ड लावला. तो टाइप करताना तिची बोटं जरा जास्तच जोरात पडत होती. तो काय होता ते वाचून मी मनातल्या मनात तिला सलाम केला.

शनिवारी इथे साउना तापतं. तळघरातली ती खोली, तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची, म्हणजे या लोकांचं देऊळच. तिथं आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही. शनिवारचं साउना रेनोनंही कधी चुकवलं नव्हतं, त्या दिवशी मॅचसाठी पहिल्यांदा चुकवलं. शेजारची एल्मा आली आणि दोघी टॉवेल घेऊन खाली गेल्या. माझ्यापुढची खुर्ची रिकामी झाली.

मॅच बरोबरीत होती. डेट्रॉइटची बॅग दाराशी भरून ठेवली होती. मी वाट बघितली. कुणीही हात लावला नाही. नियम म्हणजे नियम, मी झोपलो.

असं सुख मला जन्मात मिळालं नव्हतं.

रेनो धावत आला, त्यानं माउस हलवला. मी डोळे उघडले आणि पासवर्ड मागितला; तो मिळेपर्यंत खोक्याचा रस्ता बंद. त्यानं आपलं नाव टाकलं, आर्विडचं टाकलं, बोटीचं टाकलं. मग जिना उतरून साउनाच्या दाराशी गेला आणि पासवर्ड काय म्हणून ओरडला.

"हळू बोल," आतून आयली म्हणाली. "तुझ्या आईनंच शिकवलंय ना? काल बटण दाबताना मला जे म्हणालास, तेच आहे."

तापलेल्या दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला. एल्मानं आणखी एक लोटा ओतला असावा.

रेनो परत आला आणि माझ्यापुढे बसला. बसूनच राहिला. त्याला आठवेना! मेल्याला खरंच आठवत नव्हतं. "सॉरी" टाइप करून बघितलं. ते तर तो म्हणालाच नव्हता. तिकडे जोडीदार पोरं त्याला शोधून थकली.

आयली वर आली ती लालबुंद होऊन, ओल्या केसांनी. कॉफी ओतून घेतली, माझ्यापुढे बसली आणि त्याच्यासमोर सावकाश टाइप केलं. एका मिनिटाचं काम. रेनोनं वाचलं आणि खाली बघितलं. मी उघडलो, पण घाई केली नाही. टीव्हीवर हरल्याचं आलं तेव्हा तिची कॉफी संपत आली होती.

वसंतात ती पास झाली. रेनोनं त्याआधीच खोली घेतली होती.

आता आयलीकडे नवा कॉम्प्युटर आहे आणि मी इथे, साउनाच्या भिंतीला लागून. माझ्याखाली कोण आहे माहीत आहे? तो काळा खोका. मला टेकू म्हणून ठेवलाय. ती वायर अजून आम्हा दोघांत तशीच आहे. राहू दे त्याला पडून माझ्या वजनाखाली.

रेनो अजून शनिवारी साउनाला येतो. परवा मला बघून त्यानं वहिनीला विचारलं, "हा चालतो का गं अजून?"

"चालतो," आयली म्हणाली. "पासवर्ड आठवतोय का?"

तो टॉवेल घेऊन आत गेला. आठवतोय त्याला.

तुम्हाला एवढंच सांगतो. कुणाच्या पोटातून आपली वायर न्यायची असेल तर खुशाल न्या. पण बटण दाबण्याआधी खुर्चीत कोण बसलं होतं ते बघा. नाही बघितलंत, तर आमची काही हरकत नाही. आम्ही झोपेची वाट बघतो.