लोखंडाची घाई

गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकतं न टाकतं तोच लोहार त्याला म्हणीचा उगम ऐकवायचा. "लोखंड तापलंय तोवर घाव घालावा, ही म्हण काय पंडितांनी काढली, साहेब? अशाच एखाद्या भट्टीत जन्मली ती! आमच्या धंद्यात चालढकल चालतच नाही." हे सांगताना त्याची छाती अशी फुगायची, की भट्टीला वेगळा भाता नकोच.

घण मात्र घालायची बायको. हे महाराज सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवणार, लहान हातोडीने टक् करून जागा दाखवणार, आणि तिने नेमका तिथेच घण हाणायचा. लोखंड भट्टीबाहेर असेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा सासऱ्यापासूनचा नियम. तिने तो लग्न झाल्यापासून मुकाट पाळला होता.

लोखंड सोडलं तर बाकी संसारात हा गडी उद्याचा बादशहा. गळकं छप्पर उद्या, तुटकी कडी उद्या, आजारी आईला भेटायचं तेही उद्या. आई बिचारी वाट बघून गेली.

एका सकाळी बायकोच्या उजव्या डोळ्यापुढे ठिणग्या चमकू लागल्या.

"अहो, भट्टी गार आहे आणि मला ठिणग्या दिसतायत."

"कचरा गेला असेल. पाणी मार."

दुसऱ्या दिवशी त्याच डोळ्यात कोपऱ्यातून काळा पडदा सरकत आला. ती घाबरली. "दवाखान्यात नेता का?"

"नेतो ना! एवढं फाटक झालं की लगेच."

लगेच म्हणे! याच्या तोंडी हा शब्द म्हणजे मांजराच्या तोंडी उपास. आणि तीही शहाणी! पायात चपला घालून एकटी जायचं सोडून एका डोळ्याने घण हाणत राहिली. फाटक झालं, मग खिडक्यांचे गज आले. शेवटी नणंद माहेरी आली, वहिनी चहा कपाबाहेर ओततेय हे तिने पाहिलं आणि तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

"डोळ्याचा आतला पडदा सुटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवातीलाच आला असतात तर डोळा बहुतेक वाचला असता. आता या डोळ्याने दिसणार नाही. दुसऱ्यात असं काही वाटलं तर हातातलं काम टाकून या."

"अरेरे," घरी हे कळल्यावर लोहार हळहळला, "मी उद्याच नेणार होतो."

तरीही ती कामाला लागली. महिना झाला असेल. नवीन गिऱ्हाईक आलं होतं, म्हणीचं पारायण आटोपलं होतं. लोहाराने लाल गज ऐरणीवर ठेवला, हातोडी वाजवली. घण पडला नाही. त्याने पुन्हा वाजवली.

"डाव्या डोळ्यात ठिणग्या दिसतायत," ती म्हणाली. लोखंड भट्टीबाहेर असताना तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"अगं, लोखंड गार होतंय! एवढा घाव घाल, मग बघू."

"होऊ दे गार. त्याला परत तापवता येतं."

घण तिने जमिनीवर टाकला. भिंतीला हात लावत रस्त्यावर आली, समोरून येणाऱ्या बसला हात केला. मागे हातोडी अजून टकटक करत होती.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून, प्रकाश टाकून बराच वेळ तपासलं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"पडद्याला बारीकशी चीर पडलीय," त्या म्हणाल्या. "आत्ताच बंद करू. बरं झालं, आजच आलात."