तारीख वाढते

घरात पेढे आले आणि पुंडलिकरावांचं धाबं दणाणलं.

तसा आनंदाला तोटा नव्हता. नयनला नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात एमडीएसची जागा मिळाली होती, तीही जबड्याच्या सर्जरीची. त्याची माय विमलताई सगळ्या आळीत तोंडं गोड करत फिरून आली. सून खुशी माहेरचे फोन घेऊन घेऊन थकली. शेवटी नयन स्वतः पेढा घेऊन बापासमोर उभा राहिला.

"बाबा, आ करा."

अशा वेळी जगातला कोणताही बाप तोंड उघडतो. पुंडलिकरावांनी पेढा हातात घेतला, "पहिले देवापुढं ठेवतो," म्हणाले आणि आत सटकले. देवापुढे उभं राहून त्यांनी पेढ्याचा चुरा केला आणि चिमटीचिमटीने ओठांच्या फटीतून आत सारला. अख्खा पेढा आत जाईल एवढं त्यांचं तोंड आता उघडतच नव्हतं.

कारण सांगायला ज्योतिषी नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा. वणीत पानठेला नाही असा चौक नाही, आणि पुंडलिकरावांना ओळखत नाही असा पानठेला नाही. सोडला म्हणून त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मग शेतात जाऊन खायला लागले. कपाशीला कुठे शपथ माहीत होती! आधी तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची. मग जबडा आखडला. आता डाव्या गालात आतून एक टणक गाठ जिभेला लागायची. भाकर वरणात कुस्करून, कालवून, ते कसंबसं जेवण उरकत होते.

आणि यांचाच पोरगा वणीत दातांचा डॉक्टर! दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण नयनचा तरी काय दोष? बापलेकांचं बोलणं 'जेवले का' आणि 'मोटर चालू केली का' याच्या पुढे कधीचंच सरकत नव्हतं. एकदा त्याने दवाखान्यातल्या खुर्चीवर बसा म्हटलं, तर पुंडलिकराव म्हणाले, "मले काय धाड भरली?" त्याने पुन्हा म्हटलं नाही. रागच होता त्याच्या पोटात, आणि तो राग साधा नव्हता.

ही जागा नयनला दुसऱ्यांदा मिळाली होती. पहिली त्याच्या बापाने घालवली होती.

तेव्हा नयन नुकताच बीडीएस होऊन घरी आला होता. त्याच्या वर्गातली पोरं चहूकडे पांगली होती. एक ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर लागला, एक नागपुरात मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात टक्केवारीवर राबत होती, एक जर्मनीला जायचं म्हणून घरात बसून जर्मन घोकत होता, तर एकाने कंपनीची बॅग खांद्याला लावून डॉक्टरांच्याच पायऱ्या झिजवायला घेतल्या होत्या. नयनला मात्र एकच ध्यास. इंटर्नशिपमध्ये त्याने खर्र्याने मिटलेली तोंडं पाहिली होती, अर्धा जबडा काढलेली माणसं पाहिली होती. त्याला ते काम शिकायचं होतं. परीक्षा दिली, नंबरही लागला. हेच कॉलेज, हीच जागा.

पुंडलिकरावांच्या ते गळी उतरेना. "नावासमोर डॉक्टर लागलं नं? अजून तीन वर्सं शिकून लोकायले काय सोन्याचे दात उगवनार हायेत?" त्यांनी तोवर पांढरकवड्याच्या रामरावांची मुलगी, म्हणजे ही खुशी, पाहून ठेवली होती. चांगलं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून बैठकीत आपणहून सांगूनही टाकलं होतं, की पोरगा वणीत स्वतःचा दवाखाना टाकून राह्यला. नयनला हे मागाहून कळलं.

साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. सोयऱ्यांना सांगणी गेली. तेवढ्यात कॉलेजची यादी लागली, आणि मूळ कागद घेऊन हजर व्हायची शेवटची तारीख नेमकी साक्षगंधाचीच निघाली.

"बाबा, साक्षगंध दोन दिवस मागंपुढं करा," नयन म्हणाला होता.

"येडा झाला का? ठरलेलं साक्षगंध हालवलं तं लोक सोयरिकीत खोट काढते. कॉलेजचं काय, तारीख वाढते."

"ते वाढत नाही, बाबा."

"काहून नाही वाढत? सरकारचीच हाये नं? पीक विम्याचं पाह्य. दरसाली शेवटची तारीख, अन् दरसाली वाढते."

आणि हे ते खोटं बोलत नव्हते, हीच तर गोम. पुंडलिकरावांचा सगळा जन्म शेवटच्या तारखांत गेला होता. विमा असो, अनुदान असो, अंगठ्याची पडताळणी असो. जे लोक शेवटच्या दिवशी उन्हात रांग लावून चेंगरले ते मूर्ख ठरले आणि जे घरी निवांत बसले त्यांच्यासाठी सरकारने पंधरा दिवस वाढवून दिले. हे शहाणपण त्यांनी अनुभवाने कमावलं होतं. ते त्यांनी पोराच्या आयुष्याला लावलं.

नयनने ऐकलं. ऐकायला नको होतं, पण बापाचा शब्द खाली पडू देणारं ते पोर नव्हतं. कपाळाला गंध आणि खिशात फोन अशा अवस्थेत तो दिवसभर पाटावर बसला, अधूनमधून फोन काढून बघत राहिला. तारीख वाढली नाही. जागा पुढच्या यादीत दुसऱ्या कुणाला गेली.

लग्नानंतर एकदा पोळ्या लाटता लाटता खुशी सासऱ्याला सहज म्हणाली, "मामाजी, आमच्याकडून दवाखाना कोनं मागितला होता? माह्या बाबाले तं शिकनाराच पोरगा पायजे होता." ती बोलून गेली. पुंडलिकरावांच्या घशात घास अडकला, आणि तो आजवर खाली उतरला नाही. त्या पोरीनेच नयनला पुन्हा पुस्तकं धरायला लावली. दवाखाना बंद करून आला की ती त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि टीव्हीची वायर काढून ठेवायची.

म्हणून पुंडलिकरावांनी मनाशी खूणगाठ बांधली होती. पोरगा कॉलेजात रुजू होईपर्यंत तोंडाचं काही कळू द्यायचं नाही. कळलं तर तो जायचा नाही. एकदा आपण आडवे आलो, पुन्हा नाही. तो गेला की आठ दिवसांनी सांगू. आठ दिवसांनी काय फरक पडते? म्हणजे पाहा, एवढं होऊनही माणसाची खोड जात नाही. आपल्या दुखण्याची तारीखही ते वाढवूनच घेत होते.

निघायच्या दिवशी विमलताईंनी नयनच्या हातावर दहीसाखर ठेवली. तो बापाच्या पाया पडला. बॅग उचलली, आणि खुशी म्हणाली, "एक मिनिट थांबा. मामाजी कितीक दिवसापासून भाकर कुस्करून खाते. जांभई आली तं तोंडावर रुमाल धरते. तुमी त्याह्यचं तोंड पाह्यलं का कधी?"

नयनने बॅग खाली ठेवली.

"काही नाही रे, दाढ दुखते. बस निघून जाईन तुही," पुंडलिकराव म्हणाले.

"आ करा, बाबा."

"नागपूरवरून आल्यावर पाह्य."

"आ करा."

चांगल्या तोंडात आपली आपण तीन बोटं उभी जातात. पुंडलिकरावांच्या तोंडात एक बोट गेलं, दुसरं अडलं. नयनने फोनचा उजेड आत मारला, गाल बोटाने दाबून पाहिला. मग हात धुतले. बराच वेळ धुतले.

"कवापासून?"

पुंडलिकराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "तुह्या साक्षगंधाच्या सालापासून."

विमलताईंनी कपाळावर हात मारला. नयन बॅगेवरच बसला. "मी तिथं असतो तं पहिल्या सुटीतच तुमचं तोंड पाह्यलं असतं," तो म्हणाला, आणि मग त्याच्यातलाच दुसरा कोणी बोलावा तसं, "अन् इथं होतो तरी पाह्यलं नाही. रागात होतो." मग तो उठला. "मी जात नाही. पहिले तुमचं."

"तू जाशीन," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा आवाज मिटलेल्या जबड्यातून जेवढा मोठा निघेल तेवढा निघाला. "आज शेवटची तारीख हाये. मीही येतो तुह्यासंगं."

बापलेक वरोऱ्याच्या रस्त्याने नागपूरला निघाले. बसमध्ये नयनने बापाला खिडकीकडे बसवलं.

कॉलेजात खाली पेशंटची रांग आणि वर ऑफिस. नयन बापाला सोडून जायला तयार होईना. "पहिले तू सही करून ये," पुंडलिकरावांनी त्याला ढकललं. "तारीख वाढत नाही." बोललेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि डोळे भरले. चुकलं होतं, पार चुकलं होतं, आणि त्यावर आता कोणतंही अनुदान मिळणार नव्हतं.

त्यांना तपासायला एक तरुण डॉक्टरीण आली. अंगात पांढरा कोट, हात हलका, बोलणं मऊ. तिने गाल चाचपला, गळ्याखाली दाबून पाहिलं, मोजपट्टीने तोंड मोजलं.

"काका, गालातून तुकडा काढून तपासावा लागेल. मग ऑपरेशनचं ठरवू. आखडायला लागलं तेव्हाच आला असतात तर औषधावर, व्यायामावर भागलं असतं."

"बाई, तुमी कोनत्या वर्साले हा?"

"शेवटच्या. आता तीन वर्षं होतील."

पुंडलिकरावांनी मनात हिशेब केला. करायची गरज नव्हती. ही पोरगी ज्या साली इथे आली, त्याच साली त्यांच्या घरी साक्षगंधाचे पाट मांडले होते. हाच कोट, हीच मोजपट्टी, हेच शेवटचं वर्ष. आज इथे नयन उभा असता.

"ओळखीत कोणी दातांचे डॉक्टर नव्हते का, काका?" ती लिहिता लिहिता म्हणाली. "निदान लवकर पाठवलं तरी असतं."

"होता," पुंडलिकराव म्हणाले.

एवढ्यात नयन जिना उतरून आला. रुजू झाल्याचा कागद त्याच्या हातात होता. डॉक्टरणीने त्याची विचारपूस केली, हा नवीन ज्युनियर म्हणून तिला हसू आलं, आणि पेशंट त्याचेच वडील आहेत हे कळल्यावर ते हसू मावळलं. तिने खुर्चीवरचा मोठा दिवा त्याच्याकडे सरकवला. "बघा तुम्हीच एकदा. शिकायला आलात ना."

"झाली सही?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"झाली, बाबा."

"चांगलं झालं." मग पोराचं मनगट धरून हळूच म्हणाले, "बाबू, माही तारीख वाढीन का रे?"

नयनने दिवा खाली ओढून बापाच्या तोंडावर आणला.

"आ करा, बाबा."

पुंडलिकरावांनी जमेल तेवढं तोंड उघडलं.