मी पिवळा पडलो नव्हतो

हो, मीच बोलतोय. टेबलावरचा मॉनिटर. इतकी वर्षं दुसऱ्यांचं निमूटपणे दाखवत आलो, आज जरा माझंही ऐका. आणि कृपा करून बटणं दाबू नका. मध्येच कुणी बटण दाबलं की माझं डोकं फिरतं.

जन्माचं फार कौतुक नाही. कारखान्यात जन्मलो, थर्माकोलमध्ये कोंबला गेलो आणि दुकानात उभा राहिलो. तिथे दिवसभर एकच पोपट दाखवायचं काम होतं. गिऱ्हाईक यायचं, पोपट बघून "वा, काय रंग आहेत!" म्हणायचं आणि शेजारचा स्वस्तातला मॉनिटर घेऊन जायचं. माणसांबद्दलचं माझं मत तिथेच बनलं. पुढे ते बदलावं असं काही घडलं नाही.

मला घेतलं ते एका बाईंनी. दिवसा त्या दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायच्या आणि संध्याकाळी घरी फोटो सुधारायचं काम करायच्या. एका फोटो लॅबचे काका त्यांना लग्नाचे अल्बम पाठवायचे. कुणाच्या गालावरचा डाग काढ, कुणाचा मिटलेला डोळा उघड, काळवंडलेले चेहरे उजळ कर. लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर वाकून वाकून बाईंची मान धरली, म्हणून मला आणून लॅपटॉपला जोडलं. हात मात्र सुरेख! चेहऱ्याला रंग असा लावायच्या की लावलाय हे कळू नये. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती पुढे सांगतो.

तक्रार आहे ती त्यांच्या यजमानांबद्दल. मी त्यांना तज्ज्ञ म्हणतो. नोकरी विम्याच्या कचेरीत, पण घरात काहीही बिघडलं की हे बाह्या सरसावून हजर. मिक्सर यांनी दुरुस्त केला, तो आता फळीवर शोभेला आहे. बाईंचं डोकं दुखायला लागलं तेव्हा यांनी कुठेतरी वाचलं की पडद्याचा प्रकाश डोळ्यांना वाईट. झालं! एका रविवारी सकाळी बाई अंघोळीला गेल्या असताना यांनी तिच्या लॅपटॉपवर एक चिमुकला प्रोग्रॅम उतरवून घेतला. चंद्रकोरीचं चिन्ह, घड्याळाशेजारच्या बाणाखाली लपून बसणारा. त्याचं काम एकच, दिवेलागण झाली की पडदा हळूहळू पिवळा करायचा आणि सकाळी पुन्हा होता तसा. डोळ्यांना आराम म्हणे.

हेतू चांगला होता, मान्य. पण बायकोला सांगाल की नाही? नाही सांगितलं. चहा आला, पेपर आला, विसरले.

मग सुरू झाला तमाशा. बाई संध्याकाळी कामाला बसायच्या, तेव्हा नवरीचा चेहरा पिवळा दिसायचा. पिवळेपणा काढायचा म्हणून त्या निळा रंग वाढवायच्या. लॅबमध्ये छापून यायचे ते निळे चेहरे. काकांचा फोन आला.

"अहो ताई, ही नवरी गारठलीये की काय? मुलीकडचे विचारतायत, आमच्या मुलीला झालंय तरी काय!"

बाईंनी पुन्हा केलं, पुन्हा निळं. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी घाईत उघडून बघितलं तर स्वतःचंच काम निळं दिसायचं. संध्याकाळी तेच पिवळं. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मॉनिटरचे रंग बिघडलेत हो."

आता साधी गोष्ट होती. संध्याकाळी येऊन शेजारी बसायचं आणि बघायचं. पण संध्याकाळी यांची मॅच असते. हे बघणार रविवारी सकाळी, चंद्रकोर झोपलेली असताना. "मला तर व्यवस्थित दिसतंय," असं म्हणून वर पुन्हा उपचार सुरू!

त्या उपचारांचं काय सांगू! एक प्रोग्रॅम आणला, तो मला पूर्ण लाल, मग हिरवा, मग निळा करून न उजळणारे, मेलेले ठिपके शोधायचा. माझा एकही ठिपका मेलेला नव्हता, पण हे नाक लावून शोधत बसले आणि काचेवर श्वासाची वाफ सोडून गेले. दुसरा आणला, तो माझी बटणं न दाबता उजेड वाढवायचा. तिसरा आणला, तो उजेड आपोआप कमी करायचा. दोघांची जुंपली. एक म्हणे वाढव, दुसरा म्हणे उतरव, आणि मी मधल्या मध्ये दिवसभर उघडमीट करतोय. चौथ्याने विचारलं, "तुमची समस्या सुटली का?" तज्ज्ञांनी "हो" दाबलं. ज्या माणसाला समस्याच ठाऊक नाही, त्याने "हो" दाबलं! शेवटी केबल उपटून तिच्यावर फुंकर मारली आणि परत खोचली. वर निकाल दिला, "जुना झालाय. तू म्हणतेस तर पिवळा पडला असेल."

पिवळा पडलो? मी? मला जे पाठवाल ते मी दाखवतो हो! पिवळं पाठवलंत, पिवळं दाखवलं. इतकं साधं ज्याच्या डोक्यात शिरत नाही, तो विम्याचे दावे कसे तपासतो देव जाणे.

पण बाईंचं वेगळंच चाललं होतं. एका संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावला. आवाज दबका.

"ताई, आईचं असंच सुरू झालं होतं ना गं? आधी रंग चुकायला लागले होते, मग दिसेनासंच झालं... नाही, यांना नाही सांगितलंय. डॉक्टरकडे? जाईन गं. गेले की ते सांगून मोकळे होतील, मग माझ्या हातात काय राहील?"

फोन ठेवून त्या माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला. ही माझी दुसरी तक्रार. अहो, नवऱ्याला हाक मारा! नाहीतर एक कोरा कागद उचलून माझ्याशेजारी धरा, तो पांढरा दिसला की डोळे शाबूत! पण भीती पोटात शिरली की माणसाला कागदसुद्धा सुचत नाही. मला तोंड नाही, नुसती बटणं आहेत, आणि त्यांनी हाक मारता येत नाही.

शेवटी तज्ज्ञांनी नवा मॉनिटर आणला. चकचकीत, बारीक कडांचा, अंगावरचं प्लास्टिकही न निघालेला. "दोन्ही तुझ्याच लॅपटॉपला शेजारी शेजारी लावतो," म्हणाले, "म्हणजे तुला फरक कळेल." त्यांच्या आयुष्यातली ही पहिली शहाणपणाची गोष्ट, आणि तीही चुकून झालेली. खोक्यातून काढणं, वायर शोधणं, वायर हातातच आहे हे कळणं, यात संध्याकाळ झाली. बाईंनी दोघांवर एकच फोटो उघडला. पांढऱ्या झग्यातली नवरी. बाहेर दिवे लागले. आणि आम्ही दोघेही, मी आणि तो नवा, एकदमच पिवळे झालो.

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग फोन उचलला.

"काका, तो अल्बम दुसऱ्या कुणाला द्या. नाही, आता यापुढे माझ्याकडे नकोच. माझे डोळे... माझे डोळे गेले हो." आणि त्यांना रडू फुटलं.

तज्ज्ञ टेबलाखाली वायर गुंडाळत होते. डोकं आपटत बाहेर आले. "काय झालं? कुणाचे डोळे?"

"दोन्ही पिवळे दिसतायत मला! नवा आणलात तरी पिवळाच!"

"अगं, मग पिवळेच आहेत ते. मलाही पिवळेच दिसतायत. दिवेलागणीला होतातच, मीच नाही का तो चंद्रवाला प्रोग्रॅम टाकला? तुझं डोकं दुखायचं म्हणून. सांगितलं होतं ना तुला?"

बाईंनी बाणावर टिचकी मारली, चंद्रकोर सापडली, ती बंद केली. नवरीचा झगा पांढराशुभ्र झाला, दोन्हीकडे.

"मी आंधळी होतेय म्हणून रोज झुरत होते," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही चंद्र लावून मॅच बघत होतात?"

"मला कुठे माहीत होतं गं, तू असं काही मनात..." त्यांनी खिशातला रुमाल काढून बायकोपुढे धरला. निदान तो तरी बरोबर जागी लागू पडला.

बाईंनी डोळे पुसले, काकांना पुन्हा फोन लावला आणि अल्बम परत मागून घेतला. नव्या मॉनिटरचं काय, असं तज्ज्ञांनी भीत भीत विचारलं.

"तुमच्या टेबलावर ठेवा. काय प्रोग्रॅम टाकायचेत ते त्याच्यावर टाका. याला हात लावायचा नाही."

म्हणून मी अजून इथे आहे. कडेला ओरखडा आहे, एक बटण अडकतं, पण रंग जागच्या जागी आहेत. पलीकडच्या खोलीतून त्या नव्याची उघडमीट भिंतीवर दिसते. बिचारा. त्याने अजून पोपटसुद्धा दाखवला नव्हता.

तेव्हा एवढंच सांगतो. आम्ही बिघडलो असं वाटलं, तर प्रोग्रॅम शोधायच्या आधी घरातल्या माणसाला हाक मारा आणि विचारा, तुलाही असंच दिसतंय का? बाई आता विचारतात. रोज दिवे लागले की हाक येते, "अहो, जरा बघता का, पांढरंच आहे ना?" त्यांना पक्कं ठाऊक असतं की पांढरंच आहे. तरी विचारतात. आणि तज्ज्ञ मॅच सोडून येतात, चष्मा पुसतात, माझ्याकडे नीट बघतात आणि म्हणतात, "पांढरंच आहे गं."

येताना हातात नव्या प्रोग्रॅमचा पेनड्राइव्ह नसला म्हणजे मिळवली.